शिडाखालचा संसार

श्रावणी पौर्णिमेच्या तिसऱ्या प्रहरीं कोंकणांतल्या बंदरांवर समुद्राला नारळ अर्पण करण्यासाठीं माणसांची दाटी होते. आज तो मुख्यतः सणाचा सोहळा आहे. शिडाच्या गलबतांच्या काळीं त्या नारळाला वेळापत्रकाचाहि अर्थ होता. त्या दिवसापासून समुद्र उघडे. वैशाख सरतां सरतां नैर्ऋत्येकडून ढग चढूं लागले कीं तो मिटे. मधले आठ-नऊ महिने गलबत पाण्यावर आणि माणूस घराबाहेर. उरलेले तीन महिने गलबत वाळूवर आणि माणूस घरांत. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्यांचीं लग्नें, बारशीं, कर्जें आणि भांडणेंहि या एका हिशेबानें ठरत आलीं.

इतिहासाच्या पुस्तकांत गलबत येतें तें बहुधा लढाईच्या निमित्तानें. कान्होजी आंगऱ्यांनीं परक्यांचीं जहाजें धरलीं, १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गच्या बंदरांत आंगऱ्यांचें आरमार जळालें, एवढें शाळेंतला मुलगाहि सांगेल. परंतु आरमारांतलें गलबत काय किंवा व्यापारी गलबत काय, वर्षाकांठीं लढाईचे आणि वादळाचे दिवस बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्या दिवशीं त्यावर भात शिजे, शीड शिवलें जाई, तळांतलें पाणी उपसलें जाई, आणि घरचा निरोप घेऊन कोणी येतें काय याची वाट पाहिली जाई. हा संसार फारसा कोणीं लिहून ठेवला नाहीं. ज्यांनीं तो केला त्यांतील बहुतेकांना लिहितां येत नव्हतें, आणि ज्यांना लिहितां येत होतें ते सहसा गलबतावर पाऊल ठेवीत नसत.

वऱ्हाडांतल्या कापूस-ज्वारीच्या मुलखांत, वाशीम जिल्ह्यांतील इंझोरीसारख्या गांवीं वाढलेल्या माणसाला हें सारें परक्या देशाचें वर्णन वाटलें तर त्यांत नवल नाहीं. तेथून समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी साडेचारशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. परंतु ज्या पिकावर तो मुलूख जगत आला त्याच पिकावर लांकडी गलबताचा जीव अवलंबून असे. गलबत तरंगतें तें सागवानामुळें हें खरें; पण तें बुडत नाहीं तें फळ्यांच्या सांध्यांत ठासलेल्या कापसामुळें. शीडहि कापसाचेंच. चार बोटें कापूस निघाला तर शंभर मण सागवानाचा कांहीं उपयोग नाहीं, हें ज्ञान गलबतावरच्या पोरसवदा खलाशालासुद्धां असे. तो कापूस कोणत्या काळ्या जमिनींत पिकला हें मात्र त्याला ठाऊक नसे, आणि तो पिकविणाऱ्यालाहि आपला कापूस कोठवर गेला याचा पत्ता नसे.

गलबतांच्या जाती पुष्कळ. मचवा लहान, पडाव आणि शिबाड ओझ्याचे, बतेला मोठा, फत्तेमारी जलद चालीबद्दल नांवाजलेली. या सर्वांची ठेवण ढोबळ मानानें एकसारखी होती: डोलकाठी पुढें कललेली, तिच्यावर एका लांब तिरप्या वाशाला बांधलेलें त्रिकोणी शीड, आणि मागें सुकाणूं. मलबारचें लांकूड, मंगळूरचीं कौलें, नारळ, सुंभ, मीठ, भात अशा मालानें पोट भरलेलें असे. त्या मालावरच माणसांनीं राहावयाचें. खोली अशी नाहींच. मागच्या बाजूस थोडीशी आडोशाची जागा तांडेलाची. बाकीच्यांनीं आकाशाखालीं, मालावर टाकलेल्या तरटावर किंवा फळ्यांवर अंग टाकावयाचें. गाबीत, भंडारी, कोळी, दालदी अशा निरनिराळ्या जातींचीं आणि धर्मांचीं माणसें या कामांत होतीं. जमिनीवरचे त्यांचे आचार कांहींहि असोत, समुद्रावर दोर ओढतांना सगळ्यांचा सूर एकच लागे.

तांडेलाचा शब्द शेवटचा. गलबत त्याच्या मालकीचेंहि असलें तर तो नाखवा म्हणविला जाई. सुकाण्यावर बसणारा सुकाणी. स्वयंपाक करणारा भंडारी. येथें भंडारी म्हणजे जात नव्हे, हुद्दा. हा हुद्दा सहसा नव्या पोराच्या वांट्याला येई आणि गलबतावरची पहिली शिवीगाळहि त्याच्याच वांट्याला येई. त्याची चूल म्हणजे माती आणि वाळू भरलेली एक लांकडी पेटी. लांकडाच्या गलबतांत, सुंभाच्या आणि राळेच्या शेजारीं विस्तव पेटवावयाचा म्हणजे पोरखेळ नव्हे. वारा वाढला कीं चूल विझविली जाई, आणि मग सकाळचा उरलेला भात व भाजलेला सुका मासा यांवर भागवावें लागे. मासा मागें सोडलेल्या गळाला लागला तर ताजा. गोडें पाणी पिंपांत. तें पिण्यापुरतें आणि भातापुरतें; आंघोळ, भांडीं आणि कपडे खाऱ्या पाण्यांत. पिंपाच्या तोंडाशीं जो निजे त्याच्यावर तांडेलाचा विश्वास असे असें समजावें.

हा प्रवास किनारा नजरेंत ठेवून चाले. उत्तररात्रीं जमिनीवरून समुद्राकडे जो वारा वाहतो त्याला कोंकणांत मतलई म्हणतात. दुपारनंतर समुद्राकडून येतो तो खारा वारा. पहांटे मतलईवर बाहेर पडावयाचें, दोन प्रहरीं वारा पडला कीं थांबावयाचें, मग खारा वारा धरून पुन्हां किनाऱ्याकडे सरकावयाचें, अशीं दिवसाचीं पावलें ठरलेलीं. वारा मुळींच नसला तर दोन दिवस एकाच टेंकडीकडे पाहात काढावे लागत. बंदरांत मालाचा सावकार वाट पाहात असे. परंतु वाऱ्याला सावकाराची भीति नाहीं.

त्या मोठ्या त्रिकोणी शिडाची एक अडचण होती. वारा एका बाजूनें घेत असतां दिशा बदलावयाची झाली, तर तो भला मोठा वासा शिडासकट डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला न्यावा लागे. शीड पोटाशीं आवळून घ्यावयाचें, वासा उभा करावयाचा, डोलकाठीपुढून फिरवावयाचा, आणि पुन्हां दोर ताणावयाचे. दिवसां, शांत पाण्यांत, हें काम पाहण्यासारखें असे. रात्रीं, उसळत्या पाण्यांत, याच कामांत दोर सुटून माणूस समुद्रांत पडे. म्हणून अंधार पडण्यापूर्वीं आकाशाकडे पाहून शीड लहान करावयाचें कीं नाहीं हें ठरविण्यांत तांडेलाची परीक्षा असे. ज्याचा अंदाज दोन-तीनदां चुकला त्याच्याबरोबर पुढच्या हंगामांत खलाशी येत नसत. यापेक्षां निराळें प्रमाणपत्र त्या धंद्यांत नव्हतें.

आणि रोज, न चुकतां, तळांतलें पाणी उपसणें. लांकडी गलबतांत थोडें पाणी झिरपतेंच. तें नेहमींइतकें आहे कीं वाढलें आहे, हें बादल्या मोजून कळे. दहाच्या जागीं पंधरा बादल्या निघाल्या कीं गप्पा बंद होत. मग फळीन् फळी तपासावयाची. भिजलेला, फुगून सुटलेला कापूस हातानें चांचपावयाचा. आंतून कांहीं जमत नसेल तर एकानें कमरेला दोर बांधून पाण्यांत उतरावयाचें. जवळ खाडी असली तर भरतीला आंत शिरून ओहोटीला गलबत गाळांत बसवीत. सहा तासांत पाणी परत येणार हें जाणून उघड्या पडलेल्या अंगाचे सांधे खरवडून नवा कापूस ठासावयाचा, त्यावर तेलांत कढविलेली राळ ओतावयाची. दुसऱ्या अंगासाठीं दुसरी ओहोटी. भरतीच्या आधीं काम पुरें झालें नाहीं तर तें गलबताच्या जिवावर येई. त्यामुळें अशा वेळीं तांडेल स्वतः हातोडी घेऊन चिखलांत उभा राही.

गलबत आपल्या गांवच्या बंदरावरून जात असलें आणि मालाची घाई नसली, तर एक रात्र नांगर पडे. शीड उतरतांना किनाऱ्यावरून तें कोणाचें हें ओळखलें जाई. शिडावरचें ठिगळ ही गलबताची सहीच. मग होड्या सुटत. बायका, पोरें, एखादा म्हातारा बाप, कोणाची सासुरवाडीहून मुद्दाम आलेली बहीण असे सगळे गलबतावर चढत. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, लोणचें, कोंबडीचें कालवण आणि तीन महिन्यांच्या बातम्या. अमुक वारला, अमक्याची म्हैस व्याली, वाडीच्या बांधावरून पुन्हां तंटा उभा राहिला. जन्मल्यावर बापाला न पाहिलेलें मूल या वेळीं प्रथम बापाच्या हातांत दिलें जाई, आणि दाढी वाढलेल्या त्या काळ्या माणसाला पाहून तें बहुधा रडे. पोरें डोलकाठीवर चढण्याचा हट्ट धरीत. एखादा मोठा मुलगा पुढच्या हंगामांत भंडारी म्हणून यावयाचें कबूल करून घेई, आणि त्याची आई तें ऐकून न ऐकल्यासारखें करी. नवऱ्याचा फाटका सदरा ती तेथेंच बसून शिवी. शिवणकाम दोघांनाहि येई. तो शीड शिवी, ती सदरा. पहांटे मतलई सुटली कीं पाहुणे होडींत उतरत.

या भेटी लहान. खरा सहवास पावसाळ्यांतला. वैशाखाच्या अखेरीस मोठ्या उधाणाची भरती साधून गलबत किनाऱ्यावर चढविलें जाई. गांवांतला जो कोणी दोराला हात लावूं शकेल तो येई. खालीं ओंडके, पुढें माणसें, आणि एका आवाजांत ओढ. मग डोलकाठी उतरवावयाची, शीड धुऊन, वाळवून, घरांत माळ्यावर टाकावयाचें, आणि गलबतावर माडाच्या झांवळ्यांचें छप्पर घालावयाचें. कांहीं गलबतें खाडींत खूप आंत नेऊन ठेवीत, आणि त्यालाहि कारण होतें. समुद्रांत लांकूड पोखरणारा एक किडा असतो. तो खाऱ्या पाण्यांत वाढतो आणि गोड्या पाण्यांत मरतो. पावसाच्या पुरानें खाडीचें पाणी गोडें झालें कीं गलबताचें औषधपाणी फुकटांत होई.

पाऊस उघडूं लागला कीं दुरुस्तीला जोर येई. सुतार फळीवर हातोडी ठोकीत आवाजावरून ती सडली कीं नाहीं हें सांगे. कापसाचे पेळू वळण्याचें, सुंभाचे दोर वळण्याचें काम ओसरीवर बसून घरांतलीं सारीं माणसें करीत. पाण्याखालीं राहणाऱ्या भागाला चुना आणि चरबी यांचा लेप द्यावयाचा. त्याच्या वासानें पाहुणा गांवांत यावयाचा नाहीं असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. सावकाराचा हिशेबहि याच दिवसांत. नवें शीड घ्यावयाचें कीं जुन्याला आणखी एक हंगाम ठिगळें लावावयाचीं, यावर घरांत रात्री खल चाले. कारण शिडाचे पैसे आणि मुलीच्या लग्नाचे पैसे एकाच गांठोड्यांतून निघावयाचे असत. शीड चुकलें तर बाप जाई, लग्न चुकलें तर अब्रू. बहुधा मधला मार्ग निघे: शीड जुनें, दोर नवे.

राज्यकर्त्यांपैकीं ज्यांनीं हा संसार नीट जाणला असे फार थोडे झाले. शिवाजी महाराजांचें १८ जानेवारी १६७५ चें एक पत्र उपलब्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला तें लिहिलेलें आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीसमोर पद्मदुर्ग उभा राहात होता. दौलतखान आणि दर्यासारंग यांच्या आरमाराला सुभ्यांतून रोख रक्कम आणि धान्य पोंचवावें असा हुकूम होता; सुभेदारानें तें पोंचविलें नाहीं. महाराजांचा त्या पत्रांतला संताप आजहि वाचणाऱ्याला चटका लावतो. आरमार खोळंबून राहिलें तर तो हबशाला साहाय्य केल्याचाच प्रकार होय, आणि अशा चाकराला ब्राह्मण म्हणून सोडलें जाणार नाहीं, हा त्याचा आशय. सुभेदाराच्या दृष्टीनें ती कांहीं खंडी धान्याची दिरंगाई होती. परंतु गलबतावर कोठार पिंपाएवढें असतें. तेथें दिरंगाई म्हणजे उपास. कचेरींत बसून हें कळत नाहीं, आणि महाराजांना तें कळत होतें, एवढा या पत्राचा अर्थ आहे.

पुढें रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिलें, त्यांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. लढाईचे नियम त्यांत आहेतच. पण अधिक मोलाचा भाग आरमाराच्या पावसाळी मुक्कामासंबंधीं आहे. पाऊस लागण्यापूर्वींच गलबतें किल्ल्याच्या आसऱ्याच्या बंदरांत आणावीं, आणि दरवर्षीं एकाच बंदरांत मुक्काम करूं नये, असें ते सांगतात. शेंकडों खलाशी आणि सैनिक तीन-चार महिने एका गांवीं बसले म्हणजे त्या गांवच्या रयतेला काय सोसावें लागतें, हें त्यांनीं पाहिलेलें असलें पाहिजे. आरमाराचा खर्च मुलखांतून नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर लादूं नये, नाहींतर व्यापाऱ्यांना उपद्रव होतो, हाहि त्यांचा सल्ला. आणि लांकडाविषयींचा त्यांचा नियम तर प्रसिद्धच आहे. सागवानादि झाडें परवानगीनें तोडावीं. आंबा आणि फणस हीं झाडेंहि आरमाराच्या उपयोगाचीं खरीं, परंतु रयतेनें तीं लेंकरांसारखीं वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांना हात लावूं नये. एखादें अगदीं जुनें झालें असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावें. दुरुस्तीसाठीं फळी हवी तर ती कोणाच्या अंगणांतून येते, हा प्रश्न विचारणारा हा ग्रंथ आहे. त्या काळच्या आरमारी राष्ट्रांत हा प्रश्न किती ठिकाणीं विचारला गेला असेल याची शंकाच आहे.

दुरुस्तीसाठीं केवळ वाळूवर विसंबून न राहतां विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडींत गिर्ये येथें खडक खोदून एक गोदी तयार केलेली होती. सुमारे साडेतीनशें फूट लांबीचा तो हौद आंगरे-धुळपांच्या आरमाराच्या आठवणी सांगत अजूनहि तेथें आहे. भरतीला गलबत आंत घ्यावयाचें, ओहोटीला पाणी उतरलें कीं तोंड बंद करावयाचें, आणि कोरड्या खडकावर निवांत काम करावयाचें. चिखलांत सहा तासांची घाई करणाऱ्या तांडेलाला ती गोदी म्हणजे स्वर्गच वाटला असेल. मुंबईला हेंच काम मोठ्या प्रमाणावर चाललें. सुरतेहून १७३६ च्या सुमारास आणलेल्या लवजी नसरवानजी वाडियाच्या घराण्यानें तेथें पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें त्रिंकोमाली इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे.

मग वाफेच्या आगबोटी आल्या. उतारू प्रथम त्यांनीं नेले, माल पुढें हळूहळू. त्याहि सुरक्षित होत्या असें नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला जाणारी रामदास बोट भर पावसाळ्यांत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. स्वातंत्र्यानंतर गलबतांना यंत्रें बसलीं, कोंकणचा रस्ता सुधारला, १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली. शीड कधीं उतरलें आणि पुन्हां चढलेंच नाहीं, याची नोंद एकेका घरांत निराळी सांपडेल.

तथापि मुंबईच्या सुतारांनीं बांधलेल्या एका शिडाच्या नावेनें याच काळांत जगाला प्रदक्षिणा घातली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नांवाचा इंग्रज दर्यावर्दी त्या वेळीं मुंबईकडे येणाऱ्या बोटींवर नोकरीला होता. त्यानें १९६४ सालीं मुंबईंत सागवानाची सुमारे ३२ फुटांची एक नौका बांधवून घेतली. अरबी खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला ज्या नांवानें ओळखतात तें सुहेली हें नांव तिला दिलें. १४ जून १९६८ रोजीं फाल्मथहून निघून ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, तो तेथेंच परत आला. एकट्यानें, कोठेंहि न थांबतां, पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य.

या प्रवासांतला एक प्रसंग कोंकणांतल्या कोणत्याहि म्हाताऱ्या खलाशाला समजेल. निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत, आफ्रिकेच्या पश्चिमेस, तळांतलें पाणी वाढूं लागलें. त्यानें बुडी मारून पाहिलें तों खालच्या सांध्यांतली फट पाण्याखालीं उघडमीट होत होती. भोंवतीं समुद्र, खाडी नाहीं, ओहोटी नाहीं, दुसरा माणूस नाहीं. कापूस हातोडीनें ठासूं गेला तर श्वास पुरेना. दोन घाव घालून वर यावें तों कापूस सुटून जाई. शेवटीं त्यानें कापसाची लांब वात कॅनव्हासच्या पट्टीला शिवली, ती डांबरांत भिजविली, आणि पाण्याखालीं खिळ्यांनीं फटीवर बसविली. मध्येंच एक शार्क मासा घिरट्या घालूं लागला. नौकेवर चढून, बंदुकीनें त्याला मारून, थोडा वेळ दुसरे येत नाहींत याची खात्री करून तो पुन्हां पाण्यांत उतरला. वरून तांब्याची पट्टी ठोकली तेव्हां पाणी थांबलें. पुढें त्याचें रेडिओयंत्रहि बिघडलें. नोव्हेंबरांत न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ तो दिसला, त्यानंतर एप्रिलपर्यंत घरच्यांना त्याची कसलीच बातमी नव्हती.

हाच नॉक्स-जॉन्स्टन पुढें एका मराठी दर्यावर्द्याचा सल्लागार झाला. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे फलटणजवळच्या विंचुर्णी गांवीं, समुद्रापासून दूर डोंगराळ मुलखांत राहात. भारतांत बांधलेल्या शिडाच्या नौकेंतून भारतीयानें एकट्यानें जगप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. नौदलांतील कमांडर दिलीप दोंदे २००६ सालीं त्यासाठीं पुढें आले. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फुटांची नौका बांधली गेली आणि २००९ च्या फेब्रुवारींत नौदलाकडे आली. तिचें नांव म्हादेई. मांडवीचें वरच्या अंगाचें तेंच नांव. तिच्या अंगाला फळ्यांचे उघडे सांधे नाहींत. लांकडी गाभ्यावर काचतंतूंचें अखंड कवच आहे. म्हणजे कापूस गेला. दुरुस्ती मात्र गेली नाहीं. खाऱ्या पाण्यांत दोर झिजतातच, पंप अडतातच, सुकाणूं कुरकुरतेंच. आणि एकटा माणूस असला म्हणजे सुतार, सुकाणी, भंडारी आणि तांडेल हे सगळे तोच. बांधणी चालू असतां दोंदे तेथें वावरले तें याचकरितां. जें आपल्या डोळ्यांदेखत जोडलें गेलें तें सुटल्यावर जोडतां येतें.

१९ ऑगस्ट २००९ रोजीं ते मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजीं परत आले. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. तारखा पाहिल्या तर निघणें श्रावण सरतां सरतां आणि परतणें वैशाखांत, असा जुन्या हंगामाचाच हिशेब दिसतो. मात्र त्याचें मूळ दक्षिण समुद्रांतल्या उन्हाळ्यांत आहे. त्यांच्या पाठीशीं किनाऱ्यावरची व्यवस्था पाहणारे अभिलाष टॉमी यांनीं त्याच म्हादेईतून २०१२ च्या नोव्हेंबरांत निघून ३१ मार्च २०१३ ला, कोठेंहि न थांबतां, प्रदक्षिणा पुरी केली. त्या प्रवासांत पिण्याच्या पाण्यांत डिझेल मिसळलें, आणि पुढें शिडावरून निथळणारें पावसाचें पाणी जमवून दिवस काढावे लागले. पिंपाच्या तोंडाशीं निजणाऱ्या माणसाचें महत्त्व येथें कळतें. २०१८ सालीं याच टॉमींनीं ज्या थुरिया नौकेंतून जगाची शर्यत आरंभिली ती सुहेलीची प्रतिकृति होती, आणि ती गोव्यांतच बांधलेली. सप्टेंबरांत हिंदी महासागराच्या वादळांत तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली, आणि तीन दिवसांनीं एका फ्रेंच नौकेनें त्यांना उचललें.

होडींतून येऊन एक रात्र पाहुणी म्हणून गलबतावर बसणारी बाई या हकीकतीच्या शेवटीं तांडेलाच्या जागीं दिसते. तारिणी ही म्हादेईची धाकटी बहीण, त्याच कारखान्यांतली. १० सप्टेंबर २०१७ रोजीं नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तिच्यांतून गोव्याहून निघाल्या. केप टाउन सोडल्यावर घर जवळ आलें असें वाटत असतां सुकाण्याची यंत्रणा बिघडली, आणि मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत, ठरलेलें नसतां, थांबून दुरुस्ती करून घ्यावी लागली. २१ मे २०१८ रोजीं त्या गोव्यास पोंचल्या. आई-बाप आणि भावंडें या वेळीं धक्क्यावर उभीं होतीं. नौकेवरून उतरणाऱ्या मुली होत्या.

त्यानंतर त्याच तारिणीतून लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ रोजीं निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजीं गोव्यास परतल्या. त्या वर्षीं पावसानें मृगाची वाट पाहिली नाहीं. तो कांहीं दिवस आधींच कोंकणांत येऊन पोंचला होता, आणि जुन्या तांडेलाच्या हिशेबानें गलबत वाळूवर चढविण्याची भरती निघून गेली होती.